ड्युटी

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी रोज सकाळी सहाला, तोंड वाकडं करून, घराबाहेर पडायचो. आमच्या गारखेड्यात कोपऱ्यावर वाळूजच्या कंपनीची बस थांबते. तिथं एक गृहस्थ उभे असायचे. अंगात कंपनीचा विटका शर्ट, हातातल्या दोरीला तांबूस गावठी कुत्रा. बस आली की कुत्रा शेपूट हलवायचा, ड्रायव्हर हॉर्न द्यायचा आणि बस निघून जायची. हे काही चढायचे नाहीत.

एकदा न राहवून विचारलंच.

"मी रिटायर झालो की," ते हसले. "पण हा इतकी वर्षं मला बसपर्यंत सोडायला यायचा. आता झोपून राहिलो तर गोधडी ओढतो. माझी ड्युटी संपली, ह्याची चालूच हाय."

त्या दिवसापासून आम्ही तिघं बरोबर चालू लागलो. माझ्या फाटकापाशी आमची फेरी संपायची.

मग एकदा कंटाळा आला आणि मी दोन दिवस लोळत पडलो. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "कुठं होता? काल हा तुमच्या फाटकासमोरच बसला. लई ओढला, पण हालंना."

आता तो त्यांना ओढत आधी माझ्याकडे येतो, म्हणून मी पावणेसहालाच बूट घालून फाटकात उभा असतो. मला कधी उशीर झाला तर तो भुंकत नाही. नुसता बघतो.