मांडव मिठावर गेला

मोहन्यात कुणाच्या लग्नाच्या दिवशी आभाळ भरून आलं, की लग्नघरचं माणूस आधी सगुणेच्या दारात येतं. पाऊस थांबवायची विद्या तिच्याकडे आहे असं मुळीच नाही. पण ती जाऊन बसली की बायकांची रडारड आटपते आणि पुरुष कामाला लागतात. ती करते काय, तर आधी चहाचं आधण ठेवायला लावते आणि मग लहानथोर न बघता सगळ्यांना झाडते. "लगीन माणसांचं हाय का कनातीचं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. ऐकणाऱ्याला झोंबतं, तर झोंबू दे. जिचं स्वतःचं लग्न तसं लागलं, तिनं नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?

सगुणा मूळची खाडीकाठच्या कोलशेतची. बाप भिवा मिठागरात राबणारा, मिठाच्या पाण्यानं पायांच्या भेगा कधी न भरलेला, आणि भलताच भित्रा. एक्कावन्न सालच्या वैशाखात सगुणेचं लग्न ठरलं मोहन्याच्या दौलतशी. दौलत नदीकाठची भाजीची वाडी करायचा. मुलगी बघायला आला तेव्हा पाणी प्यायला आणि रिकामा तांब्या स्वतः उठून मोरीवर ठेवून आला. तेवढ्यावर सगुणेनं मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. हसू नका, लोक याहून कमीवर देतात.

अडचण होती ती दौलतच्या आईची. सखुबाई म्हणजे रीतीभातीला पक्की, आणि पक्की म्हणजे किती, तर थोरल्या मुलाच्या साखरपुड्यात सुपारी किडकी निघाली म्हणून ती भरल्या पंगतीतून उठून घरी आली होती. ते लग्न काही झालं नाही. भिवा त्यामुळे महिनाभर एकेक सुपारी पारखून घेत होता. मोडलेल्या लग्नाच्या पोरीला पुन्हा कोण विचारतं, हे त्या काळी कुणी कुणाला सांगायला नको होतं.

आदल्या संध्याकाळी हळद लागली. एकदा हळद लागली की नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही रीत. मांडवही भिवानं झकास घातला होता. माडाच्या झावळ्या विणून केलेली जाड झापं वर अंथरलेली, कडेनं आंब्याच्या डहाळ्या, रंगीत कागदाच्या पताका. वऱ्हाड दुपारनंतर मोहन्याहून शिडाच्या मचव्यानं यायचं होतं, आणि सूर्य कलताना लग्न. गावातलं एकूण एक माणूस मांडवात पानावर बसलेलं.

आणि पारसिकच्या डोंगरामागून काळंकुट्ट आभाळ उठलं.

वारा सुटला तशी पंगतीतल्या पुरुषांची तोंडं उतरली. खाडीलगतच्या खाजणात, मिठागराच्या बांधावर, मिठाच्या राशी उघड्या पडल्या होत्या. सगळ्या गावाची वर्षाची भाकरी तिथं होती. झाकायचं गवत अजून यायचं होतं, कारण वैशाखात पावसाचा हिशेब कोण धरतो? एरवी राखणीला तिथं चार माणसं तरी असायची. त्या दिवशी तीही सगुणेच्या लग्नात भात कालवत बसली होती.

सगळे उठून उभे राहिले. राशी झाकायच्या कशानं? एकेकाची नजर हळूच वर जायची, छताच्या झापांवर टेकायची आणि चोरासारखी खाली यायची. तोंडानं मात्र कुणी काही बोलेना. लग्नाच्या मांडवाला हात लावा असं कोण म्हणणार?

सगुणा पाटावरून उठली, कडेच्या मेढीला पाय लावून वर चढली आणि पहिलं झाप तिनंच ओढलं.

"सगुणे, खाली उतर," भिवा ओरडला. "मांडव मोडलास तर लगीन मोडंल."

"आणि मीठ गेलं तर?" सगुणा वरूनच म्हणाली. "ही सगली माज्या लग्नाला आली म्हणून तिकडं कोण नाय. उद्या यांच्या चुली थंड पडल्या तर माज्या नावानं पडतील."

भिवानं डोक्याला हात लावला. पण पुरुषांना तेवढंच हवं होतं. बघता बघता मांडव उघडा पडला, आणि पताका, तोरणं सगळ्यासकट झापं डोक्यावर घेऊन गाव खाजणाकडे धावला. तुळसा धवलारीण, म्हणजे आमच्याकडे गाण्यातून लग्नाचे सगळे विधी चालवणारी बाई, ती दारात उभी राहून म्हणाली, "पोरी, तू तरी मांडवातनं बाहेर जाऊ नको."

"मावशे, मांडव रवलाय कुठं?" सगुणा म्हणाली आणि दोन झापं डोक्यावर घेऊन निघाली.

पाऊस आला तो धो धो. एक रास डोळ्यांदेखत विरघळून गेली, बाकीच्या वाचल्या. गुडघाभर चिखलात उभी राहून सगुणा झापांवर दगड ठेवत होती. अंगावरची हळद केव्हाच वाहून गेली होती. भीती तिला वाटत होती, नाही कशी? तांब्या उचलून ठेवणारा तो माणूस आता आपल्याला मिळत नाही, हे तिनं मनाशी जवळजवळ धरूनच टाकलं होतं.

पाऊस जरा ओसरतो तोच बांधाला मचवा लागला. मचवा लिनोचा. लिनो खाडीकाठचा किरिस्ताव, मचव्यात मुरलेला आणि तोंडानं फटकळ. वाऱ्यानं त्याला धक्क्यावर लागूच दिलं नव्हतं, म्हणून त्यानं सरळ खाजणाचा बांध गाठला. दौलतचा हात धरून सखुबाई निसरड्या बांधावर उतरली. समोर मिठाच्या राशी, वर मांडवाची झापं, त्यांना लोंबणारी आंब्याची तोरणं.

"कुनाचं लगीन लावताव?" तिनं विचारलं. "मिठाचं?"

कुणी हसलं नाही. भिवा पुढे झाला. "सखुबाय, पोरगी घरात हाय. पाटावरनं हललीसुदा नाय."

सगुणा त्याच्या शेजारीच उभी होती. बापाची दया आली तिला, पण खोट्यावर संसार मांडायचा तिच्यानं होईना.

"मी हाय नवरी," ती म्हणाली. "मांडव मीच उतरवला."

सखुबाईनं तिला पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "हलद लागल्यावर भाईर आलीस. कुनाला विचारून?"

"कुनालाच नाय. विचारत बसले असते तर मीठ गेलं असतं."

"मांडव नाय, अंगाला हलद नाय. मी गावात जाऊन काय सांगू?"

"जे बघितलंव ते सांगा," सगुणा म्हणाली. "परत जायचं असंल तर आत्ताच निघा. भरती लागलीय. मागनं पानी उतरलं की मचवा चिखलात बसंल."

बोलला तो दौलत, आणि तोही आईशी नाही. "लिनोदादा," तो म्हणाला, "शीड सोडा. मांडवावर टाकू."

"शीड सोडलं तर परत कसा जाणार तू? पोहत?"

"उद्या जाऊ."

"लगीन तुझं, शीड माझं, आणि रातभर कुठं होतास म्हणून बायको मला विचारणार," लिनो कुरकुरला. पण कुरकुरत कुरकुरतच त्याचे हात दोर सोडायला लागले होते.

सखुबाईनं मुलाकडे एकदा नीट बघितलं. मग, "मी भिजलेय. आधी घरी चला," एवढंच म्हणाली. याचा अर्थ काय घ्यायचा ते कुणालाच कळेना. भिवा वाटेत दोनदा घसरून पडला.

उघड्या मेढींवर ओलं शीड चढलं. खाली माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. सखुबाई मधोमध बसली, पदर पिळला आणि तुळसाला म्हणाली, "हलद पावसानं धुतली तर काय करतात?"

तुळसाला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. पण बाई हुशार. "काय करायचं? परत लावतात," ती म्हणाली.

"मग वाटा."

घरात शोधून शोधून हळकुंडं निघाली ती चार. वाटून वाटीच्या तळाशी जेमतेम आली. दौलत आणि सगुणा शेजारी शेजारी पाटावर बसले, तुळसानं गाणं सुरू केलं आणि वाटी सखुबाईनं आपल्या हातात घेतली. रीत अशी, की हळद आधी नवरदेवाला लागते आणि त्याच्या अंगची उरलेली, उष्टी हळद मग नवरीला. कुठल्याही घरी जा, यात फरक नाही. दौलतनं तोंड पुढे केलं. सखुबाईनं बोटं बुडवली, त्याला ओलांडून हात पुढे नेला आणि सगुणेच्या गालाला हळद लावली.

तुळसाचं गाणं थांबलं. "सखुबाय, उलटं होतंय."

"मना दिसतंय," सखुबाई म्हणाली. "उरंल ती त्याला लावीन. तू गा."

तुळसानं गाणं पुन्हा उचललं. सगुणेच्या डोळ्यांना तेव्हा कुठं पाणी आलं, आणि सखुबाई वाटी मांडीवर ठेवून एका हातातल्या पदरानं ते पुसत दुसऱ्या हातानं हळद लावत राहिली.