करेलाजींचं तोंड

फरीदाबादच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात लेथचं काम बघणाऱ्या काकांना सगळे करेलाजी म्हणत. समोर नव्हे, पण त्यांना ठाऊक होतं. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, कुणी आळशीपणे हँडल फिरवलं की त्यांचं तोंड कच्चं कारलं चावल्यासारखं व्हायचं. आरडाओरडा नाही, शिवी नाही, नुसतं ते तोंड. मी स्टोअर सांभाळायचो आणि मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे पुढचं मला ऐकावं लागे. "शी! किळस येते रे मला."

जुन्या लेथमध्ये टूल पुढेमागे नेणाऱ्या स्क्रूत आणि त्याच्या नटात ढील पडते. हँडल उलटं फिरवलं तर डायलवरचा आकडा मागे येतो, टूल मात्र जागचं हलत नाही. म्हणून चुकून डायलवरच्या रेघेच्या पुढे गेलात, तर रेघेपर्यंत मागे येऊन भागत नाही. चांगला एक फेरा मागे जायचं आणि मग पुन्हा पुढे येत रेघ गाठायची. आमचे पठ्ठे रेघेपाशीच थांबायचे आणि पंपाचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, बारीक कापून ठेवायचे. "डायल की मत सुनो, यार," करेलाजी म्हणायचे, "टूल वहीं खड़ा है."

हे खूळ कारखान्यापुरतं असतं तर ठीक होतं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पंख्याचा रेग्युलेटर तीनऐवजी चारवर गेला, की ते तो थेट शून्यावर नेत आणि मग तीनवर आणत. "निदान पंख्याला तरी सोडा," काकू म्हणायच्या. करोल बागेत एकदा आम्ही एका दुकानाच्या जरा पुढे गेलो, तर भर उन्हात मला पार मेट्रो स्टेशनपर्यंत मागे नेलं. तिथून पुन्हा चालत दुकान गाठलं. मी पार वैतागलो.

एका उन्हाळ्यात गावांच्या पाण्याच्या टाक्यांसाठी पंपांची मोठी ऑर्डर होती. लेथचा नट झिजलेला, बदला म्हटलं तर मालक म्हणाले, "सीज़न के बाद देखेंगे." त्यात करेलाजी डेंग्यूने घरी. ते परत आले तेव्हा शाफ्टचा ढीग बारीक कापला गेला होता आणि एक माणूस हातोडी-पंच घेऊन बसला होता. शाफ्टवर टोचे मारायचे, प्रत्येक टोच्याभोवती धातू जरासा वर येतो, आणि सैल बेअरिंग त्यावर घट्ट बसतं. थोडेच दिवस बसतं. असे काही पंप तर रवानाही झाले होते. करेलाजींनी एका शाफ्टवरून, देवीच्या वणांसारख्या त्या टोच्यांवरून, बोट फिरवलं. "इसको चेचक निकली है क्या?" म्हणाले, आणि बाहेर नळापाशी जाऊन थुंकले. मलाही किळस आली, खोटं कशाला सांगू.

मालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "अच्छा चलो, अगला लॉट बिल्कुल सही भेजेंगे."

"पहले जो गए हैं वो वापस मँगवाइए. अगला उसके बाद."

मालक हसले. करेलाजींनी आपला मायक्रोमीटर रुमालात गुंडाळला, डबा उचलला आणि निघाले. फाटकापर्यंत मी सोबत गेलो. "मे महिन्यात पंप बंद पडला की गावातल्या बायका शिव्या घालतील," ते म्हणाले. "मला लागतील त्या. लागायलाच हव्यात."

त्यानंतर त्यांनी नोकरी धरली नाही. छातीचं दुखणं वाढल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेलो. काकू पोहे करायला आत वळल्या, तेवढ्यात करेलाजींनी विचारलं, "पंप परत आले?"

"नाही, काका."

तेच तोंड. "मग मला बघायला कशाला आलास? आधी ते आण."

"अहो, असं काय बोलता पोराला," काकू आतून म्हणाल्या. मला लागलं, पण मी उठलो नाही. दोघांनी पोहे खाल्ले. मग त्यांनी उठून रेग्युलेटर शून्यावर नेऊन माझ्यासाठी तीनवर आणला.

ते गेले, त्यांच्या तेराव्याला मी गेलो. मालकही आले होते, मोठा हार घेऊन, आणि "बहुत उसूलवाले आदमी थे" असं ज्याला त्याला सांगत होते. काकूंनी कुठल्याशा लग्नातला फोटो मोठा करून घेतला होता. त्यात ते चक्क हसत होते. मी बराच वेळ बघत राहिलो, पण ते माझ्या ओळखीचे वाटेनात. पंप अजून परत आलेले नव्हते आणि मालक त्या हसऱ्या फोटोला हार घालत होते. मला आयुष्यात कधी आली नव्हती इतकी किळस आली. माझं तोंड कच्चं कारलं चावल्यासारखं झालेलं बघून काकू एकदम रडू लागल्या.