सहा हजार पौंडांची पाटी

"टन म्हणजे काय, ते तुझ्या बापाला विचार. त्यानंच वाहिलाय ना पाठीवर!"

आमचे साहेब बोलले. मराठीत. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात, आठ-दहा माणसांसमोर. तिथं मराठी कळणारी दोनच माणसं, ते आणि मी. बोलून ते हसले. साहेब हसले म्हणून मालक हसला. मालक हसला म्हणून कामगार हसले. कशाला हसतोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हसले सगळे.

वजनकाटे, साखळ्या, माल उचलायची यंत्रं तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. पाच वर्षं झाली. झिरकपूरला एका खोलीत राहते. गाव लातूरकडचं. बाप तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. नोकरीला लागले त्या दिवशी साहेब म्हणाले होते, "अरे वा, आपल्याकडची पोरगी!" मला भरूनच आलं. घरापासून एवढ्या लांब कुणी मराठीत बोललं की येतंच. मग त्यांनी आडनाव विचारलं. मग वडील काय करतात ते विचारलं. त्यानंतर त्यांची मराठी माझ्यासाठी फक्त टोचायलाच बाहेर निघाली. "या आमच्या स्कॉलरशिपवाल्या." "यांना काय बाबा, मार्क कमी असले तरी चालतात." बाकीच्यांशी हिंदी, तीसुद्धा 'जी' लावून. पाच वर्षं मी मूग गिळून बसले. नोकरी पाहिजे होती.

त्या दिवशीचं काम साधं होतं. अमेरिकेतून आलेली एक जुनी चेन पुली. विजेवर चालणारी, जड डाय म्हणजे लोखंडी साचे उचलायची. अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं, ३ टन. मालकाला तीन हजार किलोचं सर्टिफिकेट हवं होतं. आमच्या लॅबची रीत अशी, की सर्टिफिकेट ऑफिसातूनच छापून येतं. आकडा गिऱ्हाइकाच्या पत्रातला. जागेवर जाऊन टेस्ट करायची, ती त्या आकड्याला शोभेल अशी. आधी तपासणाऱ्याची सही, मग साहेबांची.

मी म्हणलं, "सर, हा टन आपला नसेल. तिकडचा टन लहान असतो."

एवढंच म्हणलं. त्यावर बापाला विचार, हे उत्तर.

खरं सांगते, राग नंतर आला. आधी लाज वाटली. बापाची लाज वाटली मला! त्याबद्दल माझा मलाच आजही संताप येतो.

मोंढ्यात पोतं शंभर किलोचं म्हणायचे आणि भरायचे एकशेदहा. मजुरी पोत्यावर. एकदा मी भाकरी घेऊन गेले होते. बाप आडत्याला म्हणाला, "मालक, हे शंभराचं न्हाई." आडत्या म्हणाला, "तुझी पाठ काय काटा आहे का रे?" बापानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोतं उचललं आणि निघाला.

आता टन म्हणजे काय, ते ऐका. मी सांगते. विलायती टन बावीसशे चाळीस पौंडांचा. अमेरिकी टन दोन हजार पौंडांचा. आपला टन हजार किलोचा, आणि आपल्या कायद्याला तोच मान्य. बरं, पौंडानं एवढं अर्ध्या जगावर राज्य केलं, पण आज त्याला स्वतःची व्याख्यासुद्धा उरलेली नाही. कायद्यानं एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. आकडा न् आकडा पाठ आहे मला. आपण कोण, हे सांगायला पौंडालाही किलोचं नाव घ्यावं लागतं. आणि किलो कुणाच्या घराण्याचा नाही. आडत्याच्या हातात तो वाढत नाही, हमालाच्या पाठीवर कमी होत नाही. म्हणून तर मी हे शिकले.

मी घासपेपर मागितला. पुली चालवणारे गुरमेलजी, साठीचे सरदारजी, त्यांनी आणून दिला. घासत बसले. रंगाचे तीन थर निघाले, खाली पितळी पाटी. तिच्यावर कोरलेलं, ६००० पौंड. म्हणजे अमेरिकी तीन टन, आपले दोन हजार सातशे एकवीस किलो. सर्टिफिकेटात पावणेतीनशे किलो फुकटचे.

गुरमेलजी हळूच म्हणाले, "बेटी, तीन हज़ार वाली डाई तो रोज़ चढ़ती है. नीचे हम ही खड़े होते हैं."

साहेब मराठीत म्हणाले, "नखरे पुरे. सही कर. तुला कुणी विचारलंय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी हिंदीत बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"साहब ने अभी मुझसे कहा, टन क्या होता है अपने बाप से पूछ, उसने पीठ पर ढोया है. हाँ, ढोया है. उसी की बेटी बता रही है, यह पुली तीन हज़ार की नहीं है."

आता कुणी हसलं नाही. मालक खाली बघायला लागला. गुरमेलजींनी जाऊन पुलीचा मेन स्विच बंद केला. मराठीतला अपमान आपल्या दोघांतच राहील, असा साहेबांचा हिशेब होता. तो चुकला.

छापील कागदावरचे तीन हजार मी खोडले, २७२१ लिहिलं, सही केली. साहेबांनी कागद फाडला. मी कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. तोही फाडला. मग मी मार्कर घेतला आणि पुलीच्या अंगावरच लिहिलं, जास्तीत जास्त २७२१ किलो. खाली माझं नाव, आडनावासकट. म्हणलं, फाडा आता लोखंड.

सोमवारी ऑफिसात बोलावलंय. माफीपत्र लिही नाहीतर जा, असा निरोप आहे. माफीपत्र मी लिहिणार नाही. वजन-मापाच्या सरकारी ऑफिसात द्यायचा अर्ज लिहून झालाय, घासलेल्या पाटीचा फोटो जोडलाय. सोमवारी आधी तिकडं जाणार, मग साहेबांकडं.

काढतील. काढू द्या. दुसरीकडं काम धरीन. पण जिथं जाईन तिथं आधी रंग खरवडीन, पाटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचीन, मगच सही करीन. खोट्या आकड्याखाली माझं नाव येणार नाही.