बाई घरीच असते

मी हसलो होतो. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगाव. तहसील कचेरी. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर स्वस्त धान्याचं पिवळं कार्ड मिळायचं. मी कापड दुकानात नोकर. बायको डाळ मिलमध्ये मजूर. दोघांचं धरलं तर आम्ही मर्यादेच्या जरासे वर. माझं एकट्याचं धरलं तर आत. म्हणून कारकुनाने "बाई काय करते?" विचारलं तेव्हा मी म्हणालो, "घरीच असते."

बायको शेजारीच उभी. अर्ध्या दिवसाचा खाडा करून मिलमधून थेट आलेली. कोपरापर्यंत तुरीच्या डाळीची पिवळी भुकटी.

कारकून खुर्चीत रेलला. "घरीच असते? मग ही हळद कसली? बाईंचं परत लग्न लावलं का हो?"

रांग हसली. मीही हसलो. सही त्याच्या हातात होती. मी दात काढले.

लिहिता लिहिता तो मोठ्याने म्हणाला, "पत्नीचे उत्पन्न, निरंक."

ती पुढे सरकली. "साहेब, निरंक म्हंजे काय शे?"

"शून्य. काही नाही."

"मी काही नई? दिनभर डाळ चाळस मी. लिखा ते."

"लिहितो की. मग कार्डाचं नाव काढू नको."

"ऱ्हाऊ द्या कार्ड."

तिने नाकारलं होतं. भर कचेरीत. एकटीने. आणि मी मध्ये पडलो. "साहेब, अडाणी आहे ती. निरंकच लिहा."

कार्ड मिळालं. कार्डावरच्या गव्हाच्या पोळ्या तिनेच केल्या. मला वाढल्या. 

पुढे एकदा शेठने मला बंगल्यावर पाठवलं, शेठाणीबाईंच्या सह्या आणायला. त्या दुकानात भागीदार होत्या. बाईंनी दुकानाची पायरी कधी चढलेली नव्हती. मी विचारलं तेव्हा दुकानाचा मुनीम हसून म्हणाला, "अरे भाऊ, नफा दोन नावांत वाटला की कर कमी बसतो."

सायकल हातात धरून मी रस्त्यातच थांबलो. डोकं तापलं. त्यांची बाई काही न करता कागदावर निम्म्याची मालकीण. माझी बाई राबून राबून कागदावर शून्य. त्यांचंही सरकारला चालतं, आमचंही चालतं. दोन माणसं घाम गाळतात म्हणून ती गरीब नाहीत, हे कोणत्या खुर्चीत बसून ठरवलं? आणि शून्य म्हणणारं तोंड कुणाचं होतं? माझंच.

त्याच वर्षी कार्डांची पडताळणी आली. तोच कारकून घरी आला. खाटेवर बसला, पाणी प्यायला, म्हणाला, "ती हळदीवाली कुठंय?"

एवढ्या दिवसांनी त्याला तिची थट्टा तेवढी आठवत होती.

"कामावर गेली," मी म्हणालो. "डाळ मिलमध्ये. तेव्हाही जात होती. मी खोटं बोललो. लिहा. आणि तिला अहो म्हणा."

"वेडा झालास का? कार्ड जाईल."

"जाऊ द्या. उठा खाटेवरून."

कार्ड गेलं. संध्याकाळी ती आल्यावर मी सगळं सांगितलं. मनातून वाटत होतं, आता ती काही बरं बोलेल. तिने हातपाय धुतले, चूल पेटवली. मग म्हणाली, "हासनात मन्हा समोर, लोकेसमा. आनि खरं बोलनात मन्हा माघारे?"

खरंच होतं. हसलो लोकांत, तिच्यासमोर; खरं बोललो ती नसताना. 

हे लिहिलंय, पण तिला वाचता येत नाही. लिहून मी सुटत नाही. येत्या रविवारी मेहरूणला डाळ मिलच्या बायकांची सभा आहे, हजेरीपटावर नावं लावा म्हणून. ती अजूनही मिलमध्येच जाते; तिथे असेल. मी उभा राहणार. तिचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर सांगणार, की हिच्या कष्टाला मी शून्य म्हणालो आणि वर हसलो. कुणी हसलं तर हसू दे.

तिचं एवढं माझ्याकडे बाकी आहे.