दादाच्या मनगटातली नळी

मी आणि दादा नाशिकहून निघून उदगीरमार्गे कर्नाटकाच्या हद्दीतल्या औरादला पोचलो, तेव्हा तिथे आठवडी बाजार भरला होता. मिरचीचे ढीग, तुरीची पोती, आणि एकाच वाक्यात मराठी, कन्नड, दख्खनी बोलणारी माणसं. दादा, माझा थोरला भाऊ, साठी ओलांडलेला निवृत्त भूगोलशिक्षक, माझ्यासाठी भजी घेत होता. मी पुडी हातात घेतली आणि वळून पाहिलं, तर दादा जमिनीवर बसलेला. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध.

एका जीपवाल्या अण्णांनी काही न विचारता आम्हाला बिदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मोजा काढला. टाचेला काळी पडलेली जखम होती. तिचा संसर्ग रक्तात गेलाय, रक्तदाब घसरतोय, असं त्यांनी सांगितलं. दोन दिवस मी त्याच्यासोबत हिंडत होते. मला याचा पत्ताच नव्हता.

अतिदक्षता विभागात मला पाच मिनिटं सोडलं. हातावरची सलाईनची सुई ओळखीची होती. बाकीच्या नळ्या कशाच्या, हे मी विचारलं. औरादकडच्याच नर्सबाईंनी समजावून सांगितलं. मानेतली नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते, रक्तदाब वाढवणारं जालीम औषध तिच्यातून देतात. मनगटातली बारीक नळी धमनीत असते. तिच्यातून औषध कधीच द्यायचं नाही, ती प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर दाखवते.

त्या बोलत असतानाच पडद्यावरची लाल रेघ सपाट झाली. यंत्र कर्कश वाजायला लागलं. दादा गेला, एवढंच माझ्या मनात आलं.

नर्सबाईंनी आधी दादाच्या गळ्याची नाडी पाहिली. मग त्याचं मुडपलेलं मनगट सरळ करून फळीवर पुन्हा बांधलं. रेघ उसळली.

“कामून घाबरायलाव, अक्का? हात वाकडा झाला व्हता. नाडी चालू हाय.”

मी भिंतीला टेकून खालीच बसले.

चौथ्या दिवशी मनगटातली नळी निघाली, नंतर मानेतली. दोन आठवड्यांनी आम्ही बसने परत निघालो. पाय वाचला होता.

जखम का लपवलीस, असं मी त्याला उदगीरच्या अलीकडे विचारलं.

“सांगितलं असतं तर तू निघालीच नसतीस,” तो म्हणाला.

खरं होतं. मला राग आला, पण तो त्याच्यावर काढता येईना. वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव मी त्याला विचारलं होतं. तो चालताना मागे का राहतोय, हे एकदाही विचारलं नव्हतं.