मावशीचे हातमोजे

"सरका, मला बघू द्या," म्हणत गर्दीतून वाट काढणारी बाई दिसली, की पेडगावात कुणाची तरी म्हैस अडलीय हे ओळखावं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. हाताला तेल चोळून ती खाली बसली, की मालकाच्या जिवात जीव यायचा. मी शाळामास्तर, म्हशी पाळायची हौस भारी, अक्कल बेताची. तेव्हा माझ्या गोठ्यात तिची फेरी ठरलेलीच.

एकदा शेजाऱ्याची म्हैस गाभडली, दिवस भरायच्या आधीच गर्भ पडला. मावशीनं नेहमीसारखी उघड्या हातानं वार काढली. पुढे काही आठवड्यांनी तिला रोज संध्याकाळी ताप भरायला लागला. सकाळी घाम फुटून उतरायचा. सांधे असे धरले की भाकरी थापता येईना. "कुना मेल्याची नजर लागली," म्हणायची. परभणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, हा ब्रुसेलोसिस. जनावराचे जंतू हातावरच्या चिरांतून आत शिरलेत. गोळ्या मधेच सोडू नका, दूध उकळूनच प्या, आणि पुन्हा उघडा हात लावू नका.

"मंग म्हशी कुनी सोडवायच्या? तुमी येताव का?"

"तुम्हीच सोडवा, मावशी. पण मोजे घालून."

मोजे आले, चांगले खांद्यापर्यंतचे. एरवी ती काचेच्या बांगड्या कोपरावर सारून कामाला लागायची. त्यांच्यावरून मोजा चढवला की टर्रकन फाटायचा. बांगड्या काढा म्हटलं तर अंगावर आली. "नवरा जिता आस्ताना हात मोकळे करू? जळो तुमचा मोजा!" ताप उलटला तर बाई हातची जाईल, या धास्तीनं तिचा नवरा, ज्याला सगळं गाव मामा म्हणायचं, पार वाळला.

आणि नेमकी माझी म्हैस अडली. मावशी निघाली तशीच, उघड्या हातानं. मामा आडवा आला.

"आन हिकडं बांगड्या. मी काय मेलोय का? मी धरतो की!"

तेल लावून त्यानंच एकेक उतरवली, तिच्या हातांवर मोजे चढवले आणि बांगड्या मुठीत धरून गोठ्याच्या दारात बसला. तुम्ही मावशीचा चेहरा बघायला हवा होता. हात म्हशीपाशी, जीव दारात.

"अवो, हायताव न्हवं?"

"हाव, हाय! तू म्हशीकडं बघ."

असं सारखं चाललेलं. पारडू बाहेर आलं तशी तिनं पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. ती दचकून वळली. मामानं तेवढ्यात तंबाखू तोंडात कोंबलेली. बोलता येईना, म्हणून त्यानं बांगड्या उंच धरून खुळखुळ वाजवून दाखवल्या.

आम्ही पोट धरून हसलो. मावशीला हसू येईना. डोळे पुसायला तिनं हात वर नेला, मोज्याकडं बघितलं आणि तसाच खाली घेतला.