साहेब मोऱ्याला, मी रेवसला

“जीभ झडो तुझी! निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारतेस?”

आई अंगणात उभी राहून ओरडत होती. आमच्या आईचा आवाज असा, की तिनं आमच्या करंजा गावात कोंबड्यांना हाक मारली की खाडीपलीकडं रेवसच्या कोंबड्या घरी जायच्या. तिच्या समोर शेजारची काकू, कडेवर हंडा, तोंड उघडं ते उघडंच. मी उंबऱ्यात, एक पाय आत, एक पाय बाहेर. अंगात दादूसच्या लग्नातला सदरा आणि डोक्याला पाव शेर खोबरेल.

“अगो, ऐकशील तरी,” काकू म्हणाली. “मी त्येला इतकंच सांगत व्हते, आज तो सायेब...”

“सांगू नको नि इचारू बी नको! दोन खेपा पोराला नाट लागली, ती तुमच्याच तोंडानं!”

काकूनं मान झटकली, घरात गेली आणि धाडकन दार लावून घेतलं.

आमच्याकडं घरातून निघालेल्याला कुठं चाललास असं विचारत नाहीत. विचारलं की काम फिसकटलंच. त्यावर उतारा एकच. परत आत यायचं, पाटावर बसायचं, पाणी प्यायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि आपण कधी निघालोच नव्हतो अशा चेहऱ्यानं पुन्हा निघायचं. मी तसा पुन्हा निघालो.

निघालो होतो लाँचच्या इंजिन ड्रायव्हरच्या परीक्षेला. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण आमच्या खाडीत अजून शिडाचे मचवेच होते. लाँच यायची ती तिकडं मोरा बंदरावर, मुंबईहून. तिचा ड्रायव्हर खाकी टोपी घालून धक्क्यावर उतरला की अख्खं बंदर बाजूला व्हायचं. मला ती टोपी हवी होती. परीक्षा वर्षातून एकदा, तोंडी, आणि एका माणसाला जन्मात तीनदाच बसता यायचं; कार्ड आलं आणि गेला नाही, तरी ती खेप मोजली जायची. पहिल्या वर्षी साहेबानं विचारलं, “इंजिन तापलं तर काय करशील?” मी म्हणालो, “खाली उतरेन.” साहेब इतका हसला की त्याला पाणी पाजावं लागलं, तरी नापास केलंन्. दुसऱ्या वर्षी मी इंजिन झोकात चालू करून दाखवलं, पण ते बंदच होईना. पुढं तीन दिवस चालत होतं म्हणतात. आता ही तिसरी खेप. ही हुकली की मरेपर्यंत मिठागरात मीठ ओढायचं.

घर सगळं माझ्या पाठीशी होतं, खोटं बोलणार नाही. गिरणीतल्या इंजिनाला मला हात लावू द्यावा म्हणून आई दोन वर्षं गिरणीवाल्याच्या घरी सुकट पोचवत होती. त्या घरातली मांजरं इतकी फुगली की त्यांना दारातून आडवं होऊन जावं लागायचं. आणि दादूस! माझा थोरला भाऊ. करंजा-रेवस मचव्याचा तांडेल तो, मचवा त्याच्या हातात. बाप गेला तेव्हा त्यानं मला शाळेत धाडलं आणि आपण सुकाणू धरलं. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. इंजिनाचं पुस्तक मी मोठ्यानं वाचायचो आणि ते त्याला पाठ व्हायचं. मग भर उतारूंसमोर सुकाणूवरून ओरडायचा, “बोल, तेलाचा दाब पडला, आता काय?” मी अडखळलो की स्वतःच उत्तर द्यायचा, वर पान कितवं तेही सांगायचा. वर्षभरात त्या मचव्यानं जाणाऱ्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा पिस्टनची दुखणी जास्त कळायला लागली.

तर साहेब या खेपेला रेवस बंदरावरच्या सरकारी बंगल्यात बसणार असं कार्ड आलं होतं. मी धक्क्यावर पोचलो तेव्हा दादूस पहिली खेप करून परत आला होता. रोज मला पुढं उतारूंच्या गर्दीत कोंबणारा माणूस, त्या दिवशी त्यानं मला आपल्याजवळ, सुकाणूशी बसवलं. शीड फुगलं, मचवा निघाला. अर्धी खाडी झाली तरी त्यानं एक प्रश्न विचारला नाही.

मी म्हणालो, “दादूस, इचार की कायतरी.”

“आता काय इचारायचं?” तो म्हणाला आणि शिडाकडं बघत राहिला.

मला वाटलं, परीक्षेच्या दिवशी पोराला त्रास नको म्हणून गप्प आहे. भरून आलं मला. रेवसला उतरताना त्यानं माझ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. सगळ्या गोष्टींत मला सर्वांत जास्त राग त्या कॉलरचा आहे.

बंगल्यात साहेब नव्हता, टेबल नव्हतं, पोरं नव्हती. ओट्यावर एक शिपाई बिडी ओढत होता.

“परीक्षा? ती मोऱ्याला गेली की,” तो म्हणाला. “साहेबांची लाँच हितं ओहोटीला चिखलात रुतते. कालच हुकूम आला. पहिल्या खेपेच्या तांडेलाला मी सांगितलं ना, तुमच्याकडच्या पोरांना कळव म्हणून.”

“कुठल्या तांडेलाला?”

त्यानं बिडीनंच खाडीकडं दाखवलं. “तो काय, तिथं चाललाय.”

मोरा आमच्या घरापासून पायी दीड तास. परीक्षा माझ्या अंगणात आली होती आणि मी खाडी ओलांडून तिच्यापासून पळालो होतो. मी गुडघाभर चिखलात धावलो. शेवटी मी आईचाच मुलगा. असा ओरडलो, की मुंबईच्या बंदरात बोटींनी नांगर उचलले असतील. वाराही माझ्याकडून त्याच्याकडं वाहत होता. मचव्यातल्या उतारूंनी माना वळवल्या. सुकाणूवरच्या माणसानं वळवली नाही.

ओहोटी लागली. भरती येईपर्यंत मचवा फिरकणार नव्हता. मी ओट्यावर बसून वाळलेला चिखल पोटऱ्यांवरून सोलत राहिलो. आणि परत यायचं कशातून, तर त्याच मचव्यातून. दुसरा होता कुठं! मी पुढं बसलो, तो मागं. त्या दिवशी ती खाडी समुद्राएवढी रुंद झाली होती.

करंजाच्या धक्क्यावर मोऱ्याहून आलेली तीन पोरं पेढे वाटत होती. तिघंही पास. त्यातला एक काकूचा. तो बिचारा साध्या मनानं म्हणाला, “बरं झालं, दादूसनी सकाळीच सांगितलं, मोऱ्याला जा म्हणून. तू कुठं राहिलास रं?”

मी दादूसच्या अंगावर धावलो. “तिघांना सांगितलंस, मला न्हाय?”

तो दोर गुंडाळत होता. “त्यांनी इचारलं, परीक्षा कुठं हाय, म्हणून सांगितलं. तू तर निघालेला व्हतास. निघालेल्याला कुठं चाललास म्हणून मी कसं इचारू? आयेला जाऊन इचार.”

आणि धक्क्यावरची माणसं, ज्या सगळ्यांना मी कुठं चाललोय ते ठाऊक होतं, ती माना हलवून म्हणाली, “व्हय, ते खरं हाय.”

मी घरी येऊन आईपुढं बसलो, सगळं सांगितलं. मध्येच काकूनं दार उघडलं. “मी सकाळी तेच सांगत व्हते, सायेब मोऱ्याला हाय म्हणून! तर हिनं माझी जीभ झडवली.” आणि पुन्हा दार लावलं.

आईचा आवाज खाली आला. हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मग म्हणाली, “त्यानं रीत पाळली. त्याचं काय चुकलं?” दादूसचं चुकलं म्हटलं असतं, तर तिचंही चुकलं म्हणावं लागलं असतं. म्हणून तिनं दोघांनाही सोडून दिलं. अडकायला उरलो मी.

गावानं तर्क पुष्कळ केले. कुणी म्हणे, लाँच आली की त्याचं शीड बसणार, म्हणून. कुणी म्हणे, पुस्तक पाठ कुणाला आणि टोपी कुणाला, म्हणून. मी पुढच्या आठवड्यात मुंबई गाठली आणि भाऊच्या धक्क्यावर एका लाँचवर तेल घालायला राहिलो. आठ वर्षं राहिलो. इतका तेलकट झालो, की मला पिळलं असतं तर लाँच मोऱ्यापर्यंत जाऊन परत आली असती. तीनदा हुकलेल्यांना नवा साहेब विचारत नव्हता. मी दर वर्षी त्याच्या दारात उभा राहायचो, तो दर वर्षी हाकलायचा. शेवटी नियम बदलला की साहेब कंटाळला, देव जाणे, पण मला आत बोलावलंन्. पाच प्रश्न विचारले. पाचही दादूसनं कधी ना कधी सुकाणूवरून विचारलेले. पास झालो, आणि आनंदही धड करता येईना.

टोपी घालून करंजाला गेलो. आईनं टोपीवरूनच दृष्ट काढली, काकूनं दारातूनच हात जोडले. दादूस धक्क्यावर सावलीत बसून शीड शिवत होता. केस पिकले होते. मी उभा राहिलो, त्यानं टोपी पाहिली, मान हलवली आणि पुन्हा दाभण हातात घेतलं.

मी म्हणालो, “आता मी निघालेलो न्हाय, आलेलो हाय. रीत-बीत मध्ये आणू नको. त्या दिवशी मला का न्हाय सांगितलंस?”

त्यानं एक टाका घातला, दोरा ओढून घट्ट केला.

“सांगितलं असतं तर तू पास झाला असतास,” तो म्हणाला.